सात घरचा वाल

वालाचं बी नीट वाळलं की नाही, हे गयाबाई दाताने ठरवायच्या. उन्हात पसरलेल्या बियांतलं एक उचलायचं, पदराला पुसायचं, उजव्या दाढेखाली धरायचं आणि चावायचं. कट्ट आवाज आला तर बी राखेत जायला तयार. दात नुसता रुतला तर अजून दोन दिवस ऊन. मी अनसिंगला आले तेव्हा त्यांच्या तोंडात बऱ्यापैकी दात होते. पुढे ते एकेक करून गेले. शेवटी उजवीकडे दोन दाढा उरल्या, एक वर, एक खाली, समोरासमोर. वाशिमचा दातांचा डॉक्टर म्हणाला, या दोन काढू आणि कवळी बसवू. गयाबाई खुर्चीवरून उतरल्या. "भाकर मी कुस्करून खातो," त्याला म्हणाल्या, "ह्या दोन खायाच्या नाहीत, बियाच्या हायेत."

त्या गेल्याला आता सहा वर्षं होतील. मी बोलकी बाई नाही. शाळेतली मुलं आपसात म्हणतात, मॅडम फळ्याशी बोलतात. गयाबाईंबद्दल सांगायचं तर माझ्याबद्दलही सांगावं लागतं, म्हणून इतके दिवस गप्प होते.

आमच्या घराच्या मागे त्यांचा परस. मध्ये तुराट्यांचं कुंपण, इतकं विरळ की पलीकडून कपबशी देता यावी. परस म्हणजे आठ-दहा पावलांची जागा. एका कोपऱ्यात न्हाणी, तिच्या पाण्यावर एक केळ, मिरचीची दोन-तीन झाडं, आणि बाकीच्या सगळ्या जागेवर कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा मांडव. मांडवावर वाल. बाजारातला वाल कसा हिरवा, सरळ, कवायतीला उभा केल्यासारखा. हा तसा नव्हता. शेंग दोन बोटं रुंद आणि विळ्यासारखी वाकडी. दोन्ही कडांना गडद जांभळी रेघ, जवळजवळ काळी. गयाबाई तिला काजळ म्हणायच्या. वास एवढा उग्र की शेंगा मोडल्या तर दुसऱ्या दिवशी खडू धरतानाही बोटांना यायचा. आतलं बी काळसर आणि एका कडेला पांढरी शीर. माझ्या सासूबाई म्हणायच्या, भस्म लावलंय बियाने. गयाबाई म्हणायच्या, "भस्म नाही व. दुधाची धार हाये. पोट्ट्याच्या ओठाले राह्यते तशी."

बी त्यांच्या आईचं. माहेर कामरगावचं. आईने धम्म घेतला तेव्हा गयाबाई परकरात होत्या. देव्हाऱ्यातले देव आईने टोपलीत घातले आणि नदीत सोडून आली. देवांच्या मागे बियाचं गाडगं असायचं. घरातलं कोणी म्हणालं, देवाजवळचं आहे, तेही सोड. "माय म्हणे, देवानं मले काई देल्लं नाही, गाडग्यानं देल्लं. देव जाऊ द्या, गाडगं राह्यन." लग्न होऊन अनसिंगला येताना आईने त्यांच्या लुगड्याच्या टोकात बी बांधून दिलं. बाकी काय काय दिलं ते गयाबाईंनी मला कधी सांगितलं नाही. बहुधा दुसरं काही नव्हतंच.

पहिल्या तोडणीची भाजी त्या वाटीत घालून कुंपणावरून द्यायच्या. सासूबाई ती गोड बोलून घ्यायच्या आणि गयाबाई पाठमोऱ्या झाल्या की गाईपुढे पालथी करायच्या. लग्नाच्या पहिल्याच वर्षी मी हे पाहिलं. काही बोलले नाही. वाटी घासून, तिच्यात मूठभर शेंगदाणे घालून परत करणं एवढं माझ्याकडे होतं. गंमत अशी की बी मात्र सासूबाई त्यांच्याकडूनच मागून घ्यायच्या आणि आमच्या विहिरीजवळ लावायच्या. एकदा वाटी परत घेताना गयाबाई मला म्हणाल्या, "तुह्या सासूले माह्या हातचं बी चालते, भाजी चालत नाही. मातीत गेलं का बाटत नाही काय?" त्या हसत होत्या. "राहू दे. गाय खाते ना? खाऊ दे. दूध तं तुमीच पेता."

सासूबाई गेल्यावर ती वाटी मी खाऊ लागले, पण तोवर बारा वर्षं गेली होती.

बी द्यायची त्यांची एक रीत होती. मागेल त्याला सातच बिया, जुन्या कॅलेंडरच्या कागदात गुंडाळून. आणि देताना प्रत्येकाला तेच वाक्य, "सात नेले, चौदा आणजो." एकदा कुठलेसे साहेब मोठा कॅमेरा घेऊन आले. मांडवाचे फोटो काढले, शेंगांचे काढले, गयाबाईंना शेंग हातात धरून उभं केलं आणि म्हणाले, किलोभर बी द्या, पैसे सांगा. "इकत नाही मी." मग द्या तरी. त्यांनी सात मोजून दिल्या आणि वाक्य म्हटलं. साहेब हसले, कागद खिशात घातला, गाडीत बसून गेले. पुढे दरवर्षी मृग लागला की गयाबाई रस्त्याकडे बघायच्या. "थो फोटूवाला आला नाही व. चौदा राह्यले त्याच्याकडं."

मी विचारलं होतं, अशी उसनवारी कशाला? हवं त्याला हवं तेवढं द्यावं. त्या शेंगा निवडत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "आपलं बी आपल्याच घरी ठेवलं तं एका उंदराच्या पोटात जाते. सात घरी ठेवलं तं उंदराले गाव खा लागते. माह्यं मेलं का तुह्याकडून आणीन. तुह्यं मेलं का माह्याकडून नेजो. बी असं जगते, बाई. एकट्यानं नाही जगत."

खरोखर सात घरं होती तेव्हा. मग घरं स्लॅबची होऊ लागली. परसात शोषखड्डा आला, मोटारसायकल आली, फरशी आली. एकेका घराने मांडव मोडला. बाजारात शेंगा बाराही महिने मिळू लागल्या, त्यांना वासही नव्हता. सातातली पाच राहिली, तीन राहिली. शेवटी त्यांचं एक आणि माझं एक. त्याचं त्यांनी कधी दुःख केलं नाही. एवढंच म्हणायच्या, "दोन हायेत ना? दोन पायावर माणूस उभा राह्यते."

आता माझं सांगते.

गयाबाई गेल्या त्याच्या आदल्या वर्षी, हिवाळ्याच्या अखेरीस मी नेहमीसारखं बी काढलं. घर नुकतंच नवं केलं होतं. स्वयंपाकघरात गुलाबी फर्शा, काचेसारख्या पारदर्शक बरण्यांची रांग. राखेचं मडकं तिथे कुठे ठेवायचं? आणि राख तरी कुठली, चूल गेली होती. गयाबाईंकडे मागितली असती तर टोपलीभर दिली असती. मी बी एका बरणीत भरलं आणि झाकण घट्ट लावलं. दाताने तपासलं नाही. डोळ्यांना वाळल्यासारखं दिसत होतं. वैशाखात बरणी उचलली तर तळाशी पिठासारखी भुकटी आणि प्रत्येक बियाला टाचणीने पाडावं तसं भोक. भुंगे आत फिरत होते. मी बरणी उकिरड्यावर रिकामी केली आणि धुऊन त्यात साबुदाणा भरला. मनात म्हटलं, मृगाला गयाबाईंकडून सात घेऊ. रीतच आहे तशी. त्यांना सांगायचं मात्र लांबवलं, कारण त्या पहिला प्रश्न विचारतील, राखेत ठेवलं होतं का?

त्याच दिवसांत त्या नातीच्या बाळंतपणासाठी मालेगावला गेल्या होत्या. इकडे त्यांच्या मुलाचं, दिलीपचं घरकुल मंजूर झालं होतं. म्हातारी नाही तोवर उरकून टाकू, नाहीतर भिंतीला हात लावू देणार नाही, म्हणून त्याने मातीचं घर पाडलं. मिस्त्र्याच्या माणसांना आढ्याला टांगलेलं गाडगं सापडलं. वर फडकं, आत राख. राखेचं गाडगं कोण ठेवतं? मलब्याबरोबर ट्रॅक्टरमध्ये गेलं आणि बसस्टँडच्या रस्त्याला मोठा खड्डा होता, त्यात पडलं. दिलीपला बियाचं माहीत नव्हतं असं नाही. त्याला वाटलं, गाडगं आईने बरोबर नेलं असेल.

गयाबाई परतल्या ती दुपार मला आठवते. त्या दिलीपवर ओरडल्या नाहीत. नव्या पायाच्या दगडांवरून चालत थेट कुंपणाशी आल्या. हातातली पिशवीसुद्धा खाली ठेवली नव्हती.

"मास्तरीणबाई, गाडगं गेलं व."

मी म्हटलं, "ऐकलं मी, दिलीपनं सांगितलं."

"मलबा खड्ड्यात टाकला म्हणते. जाऊन हुडकतो मी. टोपलं घेतो अन् जातो. आज नाही तं उद्या सापडन. राखेत हाये, पाऊस येईलोक काई होत नाही त्याले." मग माझ्याकडे बघून त्या थांबल्या. "नाही तं तुह्याकडं हाये ना?"

मी म्हणाले, "आहे ना. कशाला उन्हातान्हात मलबा उपसता?"

एवढंच. वाक्य कसं आलं मला ठाऊक नाही. वीस वर्षं मी त्यांच्या लेखी हुशार होते. पोस्टाचे कागद माझ्याकडून वाचून घ्यायच्या, औषधाच्या गोळ्या मला दाखवून घ्यायच्या. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला बघवलं नाही, हेही खरं. पण आतून मला माहीत आहे, मला फक्त तो प्रश्न टाळायचा होता, राखेचा. त्यांनी पिशवी खाली ठेवली. कुंपणाला हात धरून जमिनीवर बसल्या. "मंग गेलं नाही," म्हणाल्या. "माय वाचली माही."

त्या खड्ड्याकडे गेल्या नाहीत. पावसाला अजून आठ दिवस होते. आठ दिवस ते बी तिथे गाडग्यातल्या राखेत कोरडं पडून होतं आणि मी सुट्टीतल्या कामासाठी रोज शाळेला जाताना ऑटोतून तो ढीग बघत होते. एकदा वाटलं, आपणच उतरून शोधावं. उतरले नाही. बाई मलब्यात काय शोधतात, असं कोणी विचारलं असतं तर? नवव्या दिवशी पाऊस आला. त्याच आठवड्यात त्या मलब्यावर आणखी मुरूम पडला.

मधल्या काळात मी वाशिमला जाऊन एका कृषी केंद्रातून वालाचं पाकीट आणलं. पाकिटांवरची चित्रं बघून त्यातल्या त्यात काळपट बी निवडलं. पाकीट फोडलं तर सगळं बी गुलाबी. कीड लागू नये म्हणून औषध लावलेलं. पाकिटावर लिहिलेलं होतं, विषप्रक्रिया केलेलं बियाणे, खाऊ नये. लिहिलेलं वाचणं हा माझा धंदा आहे, मी वाचलं. ओल्या फडक्याने एकेक बी पुसलं, पंख्याखाली वाळवलं. गावात ज्यांच्याकडे चूल होती त्यांच्याकडून भांडी घासायला म्हणून राख आणली आणि त्यात घोळलं. सात बिया कॅलेंडरच्या कागदात गुंडाळल्या. रिकामं पाकीट शाळेत नेऊन टाकलं. बोटांचा गुलाबी रंग दोन दिवस गेला नाही.

मी कागद दिला तेव्हा गयाबाई पत्र्याच्या तात्पुरत्या आडोशात बसल्या होत्या. त्यांनी तो मांडीवर उघडला. राख फुंकली. एक बी उचललं, पदराला पुसलं.

मला वेळ होता. हे मी स्वतःला पुष्कळदा विचारून पाहिलंय आणि दर वेळी उत्तर तेच येतं. बी पदराला पुसून तोंडाकडे जाईपर्यंत मला वेळ होता. नुसतं "नका" म्हटलं असतं तरी चाललं असतं. मी पत्र्याच्या खिळ्याकडे बघत उभी राहिले. कट्ट आवाज आला.

त्या एका बियाने त्यांना काही झालं नाही. पण ते मला नंतर कळलं, तेव्हा नाही.

गयाबाईंनी तोंड हलवलं, बाजूला थुंकल्या, तांब्यातल्या पाण्याने चूळ भरली. परत चूळ भरली. "कडू लागते व."

"राखेचं असेल," मी म्हणाले.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. रागाने नाही. लहान मूल पडलं की किती लागलंय ते आपण बघतो, तसं. मग म्हणाल्या, "राख खारट राह्यते, बाई. कडू नाही राह्यत." उरलेल्या सहा बिया कागदात गुंडाळून त्यांनी पदराच्या गाठीत बांधल्या.

त्यांनी त्या लावल्या. का लावल्या, हे मी विचारू शकले नाही. मांडव नवा बांधला. वेल चढला, दसऱ्याच्या सुमारास फुलं आली. फुलं जांभळीच होती. ती कुंपणावरून दिसली तेव्हा वाटलं, निभावलं. मग शेंगा धरल्या. सरळ, हिरव्या, एकसारख्या. काजळ नाही, वास नाही.

गल्लीतल्या बायका विचारायच्या, गयाआजी, औंदा शेंगाले काजळ नाही? मी आत मोरीशी उभी असायचे, भांडं घासत, कान तिकडे. गयाबाई म्हणायच्या, "वेल म्हातारी झाली माह्यासारखी. मी लावतो काय आता काजळ?" बायका हसायच्या. असं त्यांनी किती जणींना सांगितलं असेल. बी कुठून आलं हे एकीलाही सांगितलं नाही.

पहिल्या तोडणीची वाटी त्यांनी कुंपणावरून दिली, तशीच, न चुकता. भाजी चांगली झाली होती. माझ्या मुलीने दुसऱ्यांदा मागून घेतली. "आई, ह्या शेंगा बऱ्या आहेत, त्या आधीच्या वासाच्या होत्या." मी ताट बाजूला सारलं. गाय असती तर तिच्यापुढे ठेवली असती, असा विचार मनात आला आणि सासूबाईंपेक्षा मी काही वेगळी नाही, हे तेव्हा समजलं.

माघात त्या बी घेऊन आल्या. बी नीट वाळवलेलं, राखेत घोळलेलं. दिलीपने चूल मोडून गॅस आणला होता, राख त्यांनी कुठून मागून आणली कोण जाणे. मला म्हणाल्या, "मोज."

"कशाला, गयाबाई?"

"मोज व. रीत हाये."

चौदा होत्या. त्यांनी नेल्या होत्या सात, त्यातली एक चावली होती, तरी चौदा. माझ्या ओंजळीत त्यांनी त्या ओतल्या आणि माझी बोटं आपल्या हाताने मिटवली. "तुह्यं तुले पावलं," म्हणाल्या. "पुढच्या बारीले मले देऊ नको आता. मांडव घालणं होत नाही माह्याच्यानं."

तेव्हा तरी बोलायला हवं होतं. ओठांवर आलंही होतं, गयाबाई, ते बी... त्यांनी हात वर करून मला थांबवलं. "चहा ठेवला काय?" म्हणाल्या. मी चहा ठेवला. आम्ही दोघी चहा प्यालो आणि त्या पहिल्यांदाच त्यांच्या नातीच्या बाळाबद्दल खूप वेळ बोलत राहिल्या.

त्याच उन्हाळ्यात त्या गेल्या. झोपेत, त्रास न होता, असं दिलीप म्हणाला. त्या चौदा बिया माझ्याकडे आहेत. लावल्या नाहीत, फेकल्याही नाहीत.

पण मला गयाबाई आठवतात त्या चहा पितानाच्या नाहीत. त्याच वर्षीची, होळीच्या आधीची एक सकाळ. मी ऑटोने शाळेला निघाले होते. बसस्टँडच्या रस्त्याला तो बुजवलेला खड्डा, त्यावर वर्षभरात रान माजलं होतं, बाभळीची रोपं, वाळलेलं गवत, कसकसल्या वेली. त्यात गयाबाई उभ्या होत्या. एका हातात काठी. काठीने गवत बाजूला सारायच्या, वाकायच्या, एखादी वाळकी वेल हातात धरून तिच्या मुळापर्यंत जायच्या, शेंग दिसते का बघायच्या, सोडायच्या, पुढची धरायच्या. त्या किती दिवसांपासून येत होत्या ते मला माहीत नाही. गवतात पायवाट पडली होती.

समोर बैलगाडी आल्याने ऑटो थांबला आणि त्यांनी मान वर केली. आमची नजर एक झाली. मला वाटलं, आता त्या हाक मारतील. मीच हाक मारावी, खाली उतरावं, पदर खोचून त्यांच्याबरोबर शोधू लागावं. त्यांनी हातातली वेल पटकन सोडली. खाली वाकून एक वाळकी काडी उचलली, मग दुसरी, मग तिसरी, आणि काखेत धरल्या, जशा काही त्या सरपणालाच आल्या होत्या. घरात चूल नव्हती. हे त्यांना ठाऊक होतं आणि मलाही.

ऑटो सुटला. मागे वळून बघितलं तेव्हाही त्या काड्याच वेचत होत्या.